मॉडेल जहाजाच्या नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, फळ्या एकमेकींवर चढतायत, काय चुकतंय?

टीसकाठ

नमस्कार. लाकडी जहाजांची मॉडेल्स करणारं इथे कुणी आहे का?

मी इंग्लंडात मिडल्सबरोला राहते. दोन वर्षांपूर्वी आई-बाबा आले होते तेव्हा त्यांना शेजारी हार्टलपूलला 'ट्रिंकोमाली' बघायला नेलं. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारच्या सागवानात बांधलेली फ्रिगेट, म्हणजे जुन्या काळची युद्धनौका, आणि अजून पाण्यावर तरंगते आहे. माझे आजोबा, अण्णा, मुंबईच्या गोदीत सुतार होते. त्यांचा काळ फार नंतरचा, पण बाबा तोफांच्या डेकवर गेले आणि तुळईवरून हात फिरवत बराच वेळ उभेच राहिले. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "अण्णांना हे दाखवायला हवं होतं." तेव्हापासून मनात घेतलंय की हे जहाज आपल्या हातांनी करायचं.

एकदम तिथे उडी मारायची नाही, म्हणून आधी एका डोलकाठीच्या छोट्या कटरचा किट आणला. हल, म्हणजे जहाजाचं अंग, ३४ सेंमी लांब. प्लायचे नऊ बल्कहेड, म्हणजे सांगाड्याचे आडवे पडदे, त्यावर लाइमवुडच्या दीड मिमी जाड, ५ मिमी रुंद पट्ट्यांचा पहिला थर आणि त्यावर अक्रोडाचा पातळ दुसरा थर. सांगाडा नीट जुळला. डाव्या बाजूच्या वरच्या चार फळ्या छान बसल्या. पाचवीपासून गाडी बिघडली. पुढे नाळेपाशी फळीची एक कड उचलली जाते आणि ती आधीच्या फळीवर चढते. मागे उलटच, तिथे फट पडते. सहावी दाबून बसवायला गेले तर कडकन मोडली. शिवाय फेविक्विकसारखा जो गोंद वापरते त्याचे पांढरे डाग पडलेत. किटसोबतच्या कागदावर या सगळ्याबद्दल एकच ओळ आहे, "फळ्या लावून घ्या."

दुसरा प्रश्न. अण्णांच्या हत्यारपेटीत त्यांची एक पटाशी, एक लहान रंधा आणि जुन्या सागवानाचा हातभर तुकडा आहे. बाबांनी तो सगळा ऐवज मला दिलाय. पुढे ट्रिंकोमाली करेन तेव्हा फळ्या त्याच सागवानाच्या काढता येतील का?

फोटो जोडलेत.

कुलाबकर

फोटो पाहिले. पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी मऊ होतात. ओल्या असतानाच झटपट गोंदाचे थेंब देत दाबून धरा. मी दोन बोटी अशाच केल्यात.

साचेवाला

ताई, तुमचे फोटो मोठे करून दोनदा बघितले. मी कोल्हापुरात चौतीस वर्षं फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, केले. निवृत्तीनंतर गेली नऊ वर्षं जहाजं करतोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमची चूक पाचव्या फळीवर झालेली नाही. ती पहिल्या फळीच्याही आधी झाली आहे.

कुलाबकर, राग मानू नका, पण रात्रभर भिजवलेली पट्टी मी लावणार नाही. लाकूड पाणी पिऊन रुंदीला फुगतं. ओलं असताना फळ्या एकमेकींना चिकटून बसतात, आठ दिवसांनी वाळून आकसल्या की प्रत्येक दोन फळ्यांमध्ये केसाएवढी फट दिसते. लाकूड वाकतं ते पाण्यापेक्षा उष्णतेने. त्यावर पुढे येतो.

आधी सांगाडा. ताई, तुमच्या पहिल्या तीन बल्कहेडच्या कडा कापून आल्या तशाच काटकोनात आहेत, फोटोत लेसरची काळी कड सगळीकडे शाबूत दिसते. जहाजाचा देह पुढे निमुळता होत जातो, म्हणून तिथे फळी बल्कहेडच्या कडेवर तिरकी टेकते. कडेला तो उतार दिला नसेल तर फळी फक्त एका धारेवर उभी राहते आणि झोके खाते. ती उचललेली कड तिथूनच सुरू झाली. पुढच्या बल्कहेडना समोरच्या बाजूने तासायचं आणि मागच्या बल्कहेडना मागच्या बाजूने. जहाजाच्या मध्याकडे असलेली धार मात्र तशीच राखायची. लेसरची काळी रेघ त्या धारेवर बारीक दोऱ्याएवढी उरली की थांबायचं. तिथून पुढे गेलात तर जहाजाचा आकारच बदलतो.

किती तासलं हे डोळ्याला कळत नाही, म्हणून पॅटर्नच्या कामातली सवय सांगतो. किटमधलीच एक लांब, सरळ रेषेची, म्हणजे लाकडाचे तंतू सरळ असलेली, पट्टी घ्या. तिच्या आतल्या अंगाला फळ्यावरचा निळा खडू चोळा. ती नाळेपासून मागपर्यंत सांगाड्यावर ठेवा, दोन बोटांनी हलकेच धरा, मागेपुढे अर्धा सेंटीमीटर सरकवा आणि उचला. ज्या कडेवर सबंध रुंदीला निळं लागलं ती बरोबर. नुसत्या एका धारेला लागलं तर अजून उतार हवा. अजिबात लागलं नाही तर तो बल्कहेड खोल आहे, तिथे पातळ पट्टी चिकटवून भर द्यायची. हे डेकच्या कडेशी करा, मध्ये करा, पठाणाजवळ करा. पठाण म्हणजे जहाजाचा कणा, आमच्या कोकणातल्या पाहुण्यांकडून हा शब्द मी उचलला. तासायला १२० नंबरचा पॉलिश पेपर एका लांब, किंचित लवचिक पट्टीवर चिकटवा, अशी की ती एका वेळी तीन बल्कहेडवर टेकेल. बोटात कागद धरून घासलंत तर प्रत्येक कड वेगळी गोल होते. या कामाला मला कटरएवढ्या हलसाठी दोन संध्याकाळी लागतात, आणि मी त्या कधी वाचवत नाही.

आता फळी. तुम्ही पूर्ण ५ मिमीची पट्टी नाळेपर्यंत नेलीत. जहाजाच्या पोटाचा घेर मध्ये मोठा असतो आणि पुढे तो जवळजवळ अर्धा होतो. जेवढ्या फळ्या मध्ये मावतात तेवढ्याच पुढेही मावायला हव्यात, म्हणजे प्रत्येक फळी पुढे निमुळती झालीच पाहिजे. तुमच्या चार फळ्या बसल्या त्या अजून जागा शिल्लक होती म्हणून. पाचवीला जागा संपली, मग ती वर चढणार नाही तर काय करणार?

तुमचं माप मला इथून कळत नाही. कागदाची एक अरुंद पट्टी घ्या. सगळ्यात रुंद बल्कहेडवर, डेकच्या कडेपासून पठाणापर्यंत कडेलगत गुंडाळा आणि दोन्ही टोकांना खूण करा. तसंच पहिल्या बल्कहेडवर आणि शेवटच्या बल्कहेडवर. तिन्ही मापं मिलिमीटरमध्ये इथे लिहा, पुढचं गणित मिळून करू.

आणि एक बघा. फोटोत डाव्या बाजूला सहा फळ्या दिसतात, उजव्या बाजूला दोन. पठाणावर वरून सरळ पट्टी ठेवून बघा, तो डावीकडे ओढला गेला असेल. फळ्या जोडीजोडीने लावायच्या, एक डावी की लगेच एक उजवी. माझं पहिलं जहाज याच चुकीने केळ्यासारखं वाकलं. सात आठवड्यांचं काम होतं. ते मी अजून शोकेसमध्ये ठेवलंय, फक्त त्याची सरळ बाजू लोकांकडे असते.

टीसकाठ

काका, इतकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. ड्यूटीवरून आल्या आल्या मोजलं.

सगळ्यात रुंद बल्कहेड: ९० मिमी
पहिला: ५२ मिमी
शेवटचा: ९९ मिमी

आणि हो, पठाण डावीकडे २ मिमी ओढला गेलाय. पाहून रडूच आलं. हे सगळं फेकून द्यावं का?

साचेवाला

काही फेकायचं नाही. दोन थरांचं जहाज आहे, पहिला थर शेवटी दिसतच नाही. पण वाकलेल्या पठाणावर पुढे काम करू नका. दोन्ही बाजूंच्या सगळ्या फळ्या काढा. झटपट गोंदावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसाच्या बोळ्याने लावत राहा, थोड्या वेळाने तो सैल होतो. जिथे पांढरा लाकडाचा गोंद असेल तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. खिडकी उघडी ठेवा, जवळ ज्योत नको. सुटलेली फळी ओढू नका, खालून बोथट सुरी सरकवा. फळ्या सुटल्या की पठाण बहुधा आपोआप सरळ होतो. मग एका सपाट पाटावर दोन सरळ पट्ट्या पठाणाच्या जाडीएवढ्या अंतरावर स्क्रूने बसवा आणि पठाण त्या खाचेत उभा करा. पहिल्या सहा-सात जोड्या लागेपर्यंत जहाज त्या पाटावरून उचलायचं नाही.

आता गणित. मध्ये ९० मिमी, पट्टी ५ मिमीची, म्हणजे १८ फळ्या. पहिल्या बल्कहेडवर ५२ भागिले १८, म्हणजे २.९ मिमी. प्रत्येक फळी तिथे २.९ मिमीची झाली पाहिजे. मी फळीला निम्म्या रुंदीच्या खाली जाऊ देत नाही, टोक इतकं बारीक झालं की ते चिरतं. तुमचं निम्मं २.५ होतं, म्हणजे बसतंय. याहून कमी आलं असतं तर दोन फळ्यांच्या जागी एकच पुढे न्यावी लागली असती. मागे उलटी गोष्ट आहे. ९९ मिमीला १८ फळ्या ९० च भरतात, ९ मिमी उरतात. तिथे फळ्या रुंद करता येत नाहीत, म्हणून पाचरीसारख्या दोन तुकड्यांनी ती जागा भरायची. त्या पाचरी आत्ताच कापू नका. फळ्यांना मागे पंख्यासारखं पसरू द्या, जिथे फट पडेल तिथे कागद ठेवून तिचा आकार उतरवून घ्या.

मधल्या बल्कहेडवर दरवेळी भागाकार करत बसू नका. एका कार्डावर पंखा काढा: एका सरळ आडव्या रेषेवर सारख्या अंतराने १९ खुणा, आणि प्रत्येक खुणेपासून एकाच बिंदूकडे जाणारी रेषा. म्हणजे १८ घरं झाली. बल्कहेडच्या घेराची कागदी पट्टी त्यावर, त्या आडव्या रेषेला समांतर, ठेवून मागेपुढे सरकवा. तिची दोन टोकं बाहेरच्या दोन रेषांना टेकली की मधल्या सगळ्या रेषांच्या खुणा पट्टीवर घ्या आणि त्या बल्कहेडच्या कडेवर पेन्सिलीने उतरवा. ९० मिमीपेक्षा जास्त घेर नसलेल्या सगळ्या बल्कहेडवर खुणा झाल्या की फळीची रुंदी कुठे किती, हे सांगाडाच तुम्हाला सांगतो.

फळी निमुळती करायला पटाशी नको, अण्णांचा लहान रंधा काढा. एकाच मापाच्या दोन पट्ट्या, एक डावी आणि एक उजवी, एकत्र चिमट्यात धरा. कडेवर रेघ मारा आणि रुंद बाजूकडून निमुळत्या बाजूकडे रंधा चालवा. उलटा चालवलात तर तो रेषांच्या आत शिरतो आणि लाकूड उपटतो. रंध्याचं पातं आधी दगडावर लावा. धार आली का हे बघायला मी हेदू या लाकडाच्या तुकड्याच्या टोकाला, म्हणजे आडव्या रेषेला, पातं लावतो. चुरा न होता कांद्याच्या सालीसारखी सलग साल निघाली की पातं तयार. तुम्ही लाइमवुडवर बघा. ते मऊ असल्याने बोथट पात्याखाली लगेच चेपतं, त्यामुळे फरक ओळखायला सोपं जातं.

वाकवणं. फळी दोन प्रकारे वाकते, चपट्या अंगाने आणि कडेच्या अंगाने. चपट्या अंगाने लाइमवुड सहज वळतं. नाळेवर लागणारा वळसा बऱ्याचदा कडेच्या अंगाचा असतो आणि तुमची सहावी तिथेच मोडली. पट्टी गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवा, जास्त नाही. पाटावर आडवी ठेवून एक टोक चिमट्याने आवळा, दुसरं टोक हवं त्यापेक्षा किंचित जास्त वाकवा आणि तेही आवळा. कड वर उचलू लागली तर मधेही एक चिमटा. मग हेअर ड्रायर दोन-तीन मिनिटं, सावकाश. थंड होऊ द्या. पूर्ण थंड झाल्यावर सोडली की ती थोडीच मागे येते आणि आकार धरते. पूर्ण कोरडी झाल्यावरच चिकटवा. हाताने जोर द्यावा लागत नाही इतकी ती जागेवर बसायला हवी. जोर लागला तर फळी परत पाटावर.

अजून दोन जागा सांभाळा. बल्कहेड जिथे गोल आहे तिथे फळीची आतली कड किंचित तासा, म्हणजे बाहेरून फट दिसणार नाही. आणि पठाणालगतची फळी नाळेवर वर चढू देऊ नका. पठाण जिथे वर वळायला लागतो तिथेच, पहिल्या बल्कहेडच्या जरा पुढे, तिचं टोक संपवा. नवीन माणूस तिला हौसेने वर नेतो आणि मग उरलेल्या सगळ्या फळ्यांची पुढची जागा खाऊन टाकतो.

गोंद साधा पांढरा, लाकडाचा. फळीच्या कडेलाही अगदी पातळ लावा. कपड्यांचे चिमटे आणि टाचण्या पुरतात. झटपट गोंद नाळेच्या टोकाला एक थेंब एवढाच ठेवा. त्याचे पांढरे डाग वाफेमुळे पडतात. जिथे तो लाकडात मुरतो तिथे नंतर तेल किंवा चपडा लाखेचं पॉलिश धरत नाही, डाग कायम दिसतो.

सागवानाचं वेगळं लिहितो, तो प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

मुंबईत_गोदीजवळ

वाचतोय, जहाजं करत नाही. फक्त ट्रिंकोमालीबद्दल एक सांगावंसं वाटलं. तिचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून निघाले होते. ती नौका डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकनांच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने हरवली आणि नकाशेही तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत मुंबईला पोचेपर्यंत वेळ गेला. १८१६ मध्ये काम सुरू झालं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरलं. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. ताई, याच वर्गातली 'युनिकॉर्न' स्कॉटलंडमध्ये डंडीला आहे, १८२४ ची. तिच्यावर डोलकाठ्या कधी चढल्याच नाहीत, वर छप्पर घालून ठेवली. हलचा आकार डोळे भरून बघायला ती चांगली.

साचेवाला

हे मला ठाऊक नव्हतं, आभारी आहे.

ताई, सागवान. खऱ्या जहाजाला सागवानच हवं होतं, त्याचं तेल आणि टिकाऊपणा समुद्रासाठी वरदान. मॉडेलला तेच अंगाशी येतं. सागाच्या लाकडात नुसत्या डोळ्यांना दिसतील अशी छिद्रं असतात, सुमारे पाव मिलिमीटरची. तुम्ही ट्रिंकोमाली १:९६ मापात केलीत तर सुमारे १५० फुटांचा तोफांचा डेक पावणेएकोणीस इंचांचा होतो. त्या मापात पाव मिमीचं छिद्र म्हणजे खऱ्या जहाजाच्या फळीत जवळजवळ इंचभर रुंद भोक. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण जहाज खेळण्यासारखं दिसतं. शिवाय सागवानात वाळूसारखा अंश असतो, धार लगेच जाते, आणि तेलामुळे गोंद नीट धरत नाही.

फळ्यांना रेषा न दिसणारं लाकूड घ्या. तुमच्याकडे पेअर आणि बॉक्सवुड मिळतं. आमच्याकडे मी हेदू वापरतो, पिवळसर, एकजीव, लोण्यासारखं कापलं जातं. शिवण झाडाचं लाकूड हलकं आणि न वेडावाकडं होणारं, पॅटर्नलाही उत्तम. डोलकाठ्यांना पेट्यांच्या पाईनमधला सरळ रेषेचा तुकडा शोधा. फळ्यांतल्या लाकडी खुंट्या मी बांबूच्या काढतो. पोलादी पत्र्याला उतरत्या मापाची छिद्रं पाडून बांबूची काडी एकेकातून ओढायची, अर्ध्या मिमीपर्यंत जाते.

अण्णांचा तुकडा मात्र वापरा. त्याचा पठाण करा. पठाण जाड असतो, एकसंध लांबीत निघेल, छिद्रं खाली राहतात आणि बहुतेक तळाला लावायच्या तांब्याच्या पत्र्याखाली जातात. चिकटवायच्या आधी ॲसिटोनने पुसा आणि लगेच गोंद लावा, तेल पुन्हा वर येण्याआधी. उरलेल्यातून जहाज उभं करायचे दोन आधार निघतील. आणि तो तुकडा कापायच्या आधी वर्षभर तुमच्या घरात ठेवा, मुंबईच्या दमट हवेतलं लाकूड तुमच्या हीटरच्या खोलीत थोडं आकसेल.

कुलाबकर

साचेवाला, माझ्या दोन्ही बोटींना फळ्यांमध्ये बारीक फटी आहेत. वार्निशचा दोष समजत होतो. कळलं.

टीसकाठ

अकरा दिवसांनी लिहितेय. फळ्या सुटल्या, दोन मोडल्या, बाकीच्या वाचल्या. पठाण पाटाच्या खाचेत सरळ बसला. खडूची पद्धत करताना पहिल्या बल्कहेडवर निळं फक्त एका धारेला लागलं, अगदी तुम्ही म्हणालात तसंच. दोन नाही, चार संध्याकाळी घासलं. अण्णांच्या रंध्याला धार लावायला शिकले. पहिल्यांदा साल सलग निघाली तेव्हा ती टेबलावर उचलून ठेवली आणि बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, अण्णा रंधा खाली ठेवताना आडवा ठेवायचे, पातं कधी टेकवायचे नाहीत. आता मीही तसाच ठेवते.

आठ जोड्या लागल्या. नाळेपाशी प्रत्येक फळी २.९. जोर लावावा लागला नाही. फोटो जोडलाय.

साचेवाला

फोटो बघितला. नाळ छान आली. डाव्या बाजूला चौथ्या बल्कहेडवर तिसरी आणि चौथी फळी किंचित फुगलेली दिसते, उजेड तिथे तुटतोय. नववी जोडी लावायच्या आधी लांब पट्टीवरचा १८० चा कागद तिथे हलक्या हाताने फिरवा, फक्त उंचवटा जाईपर्यंत. आणि फळ्यांच्या आतून, दोन बल्कहेडच्या मध्ये, पांढऱ्या गोंदाचा एक पातळ हात द्या. घासताना फळ्यांमधले सांधे उकलणार नाहीत.